मशीन अंगठा घेत नाही तेव्हा

रानातलं काम आटोपून घरी आला असाल, रेडिओ लावला असेल, तर आवाज जरा मोठा करा. शेजारच्या आजींनाही हाक मारा, कारण आजचं बोलणं त्यांच्या हातांबद्दल आहे. आज आपण अंगठ्याविषयी बोलणार आहोत.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल, एक काळ असा होता की अंगठा उठवायची लाज वाटायची. 'अंगठाबहाद्दर' म्हणून लोक हसायचे. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. रात्रीच्या वर्गात कंदील घेऊन बायका बसल्या आणि आपलं नाव लिहायला शिकल्या. पुढे बचत गट आले. गटाच्या वहीत पहिली सही केली त्या दिवशी कितीतरी जणींनी घरी जाऊन पोरांना सांगितलं, आता मी अंगठा उठवत नाही.

आणि मग अंगठा परत आला. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. तेव्हापासून शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांचे अंगठे एका रांगेत आले. रेशनला अंगठा, पेन्शनला अंगठा, खात्यातले पैसे काढायला अंगठा. मास्तरही अंगठा लावतात आणि मजूरही लावतो. यात एक बरं झालं, की अंगठ्याची लाज गेली. पण एक नवी अडचण उभी राहिली. अंगठा लावला आणि मशीनने तो घेतला नाही, तर?

रेशनच्या रांगेत उभं राहिलं की या मशीनबद्दल तीन मतं हमखास ऐकू येतात. आज ती तिन्ही घेऊन बसू या.

पहिलं मत असं: 'मशीन खोटं कसं बोलेल? माणूस खोटं बोलतो, मशीन नाही.'

हे नीट समजून घ्यायला मशीन करतं काय ते बघावं लागेल. आपल्या बोटाच्या टोकाला बारीक रेषा असतात. नांगरलेल्या वावरात सऱ्या दिसतात ना, तशा. त्या कुठे वळतात, कुठे अचानक संपतात, कुठे एकीच्या दोन होतात. ही नक्षी आईच्या पोटातच तयार होते आणि प्रत्येकाची वेगळी असते. जुळ्या बहिणी दिसायला अगदी सारख्या असल्या तरी त्यांचे ठसे वेगळे असतात. मशीनच्या काचेवर बोट ठेवलं की ते बोटाचा फोटो काढतं. रेषा जिथे संपतात आणि जिथे फुटतात, त्या जागा टिपल्या जातात. आधार काढताना तुमचा जो ठसा घेतला होता, त्याच्याशी या जागा ताडून बघितल्या जातात. पुरेशा जुळल्या तर 'हो', नाही जुळल्या तर 'नाही'.

आता 'पुरेशा' या शब्दाकडे लक्ष द्या. शंभर टक्के जुळणी कधीच होत नाही. बोट आज जरा तिरकं ठेवलं, उद्या सरळ ठेवलं. आज हात कोरडा, उद्या ओला. म्हणून किती जुळलं म्हणजे 'हो' म्हणायचं, हे माणसांनी आधी ठरवून मशीनमध्ये घातलेलं असतं.

हे आपल्या धान्य चाळण्यासारखं आहे. चाळणीची भोकं मोठी असली की गव्हाबरोबर खडेही खाली पडतात. भोकं बारीक असली की खडे वर अडकतात, पण टपोरा गहूही वरच राहतो. खडा एकही येऊ नये आणि गहू एकही राहू नये अशी चाळण अजून कोणी बनवलेली नाही. अंगठ्याच्या मशीनचंही तसंच आहे. दुसऱ्या कोणाचा अंगठा चालू नये म्हणून चाळण बारीक केली की काही खऱ्या माणसांचे अंगठेही अडकतात.

म्हणजे मशीन खोटं बोलत नाही हे खरं, पण ते सगळं सांगत नाही हेही तितकंच खरं. 'नाही' याचा अर्थ 'ही बाई ती नव्हे' असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की या वेळी, या काचेवर, या बोटाची जुळणी झाली नाही. आणि कधीकधी तर ठशाचा प्रश्नच नसतो. गावात रेंज नसते, सर्व्हर बंद असतो, तरी आपल्याला सांगतात, 'आजी, तुमचा अंगठा येत नाही.' म्हणून विचारायचं, 'भाऊ, अंगठा जुळत नाही, की नेटवर्क नाही? स्क्रीनवर काय लिहून आलंय ते वाचून दाखवा.' हे विचारण्यात भांडण काही नाही. डॉक्टरांना आपण विचारतोच ना, ताप कशाचा आहे म्हणून.

दुसरं मत आहे: 'आमचेच हात खराब. आमच्या नशिबात नाही.'

हे मत मी फार ऐकलं आहे, आणि ते आजींच्या तोंडून ऐकलं की वाईट वाटतं. चाळीस वर्षं खुरपं धरलं, राखेनं भांडी घासली, सोड्याच्या पाण्यात कपडे धुतले, विटा उचलल्या, चुना कालवला, ऊस तोडला. त्यात बोटावरच्या रेषा घासल्या गेल्या. वय झालं की कातडी पातळ आणि कोरडी होते, भेगा पडतात. या बोटांवर मशीनला वाचायला कमी मिळतं. हात खराब झालेले नाहीत, हात वापरलेले आहेत. ज्या हातांनी सगळ्यात जास्त कष्ट केले, त्याच हातांना मशीन सगळ्यात जास्त वेळा 'नाही' म्हणतं. तेव्हा शरमेनं मान खाली घालायची काही गरज नाही.

ही अंगठ्याची पद्धत आली कुठून, तेही ऐका. ती विलायतेहून आली असं वाटेल, पण तिचं मूळ आपल्याच देशात आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याच्या सामानाचा करार करताना त्यानं कंत्राटदाराच्या सगळ्या पंजाला शाई लावून कागदावर ठसा घेतला. कारण काय, तर उद्या हा माणूस 'सही माझी नाही' असं म्हणू नये. पुढे हुगळीला असताना त्यानं पेन्शन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्यानं पेन्शन उचलू नये. १८९७ साली कलकत्त्याला ठशांचं सरकारी कार्यालय सुरू झालं. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी ठशांची वर्गवारी करण्याच्या कामात मोठा वाटा उचलला. ती पद्धत जगभर गेली ती मात्र त्यांच्या वरिष्ठाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावानं.

ही गोष्ट सांगण्याचं कारण असं, की ठसा मागण्याची सुरुवातच संशयातून झाली. संशय घेणं नेहमीच चूक असतं असं मी म्हणत नाही. रेशनचं धान्य खोट्या नावांवर उचललं जायचं, मेलेल्यांच्या नावावर पगार निघायचे, हे आपण गावात पाहिलेलंच आहे. ती चोरी थांबावी ही आपलीही इच्छा आहे. पण चोर पकडायला लावलेल्या जाळ्यात घरचंच माणूस अडकलं, तर त्याला सोडवण्याची वाट ठेवायलाच हवी.

ती वाट ठेवली नाही तर काय होतं? २०१७ सालच्या सप्टेंबरात झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी वारली. आधार जोडलेलं नाही म्हणून त्या कुटुंबाचं रेशन कार्ड रद्द झालं होतं आणि काही महिने घरात रेशन आलं नव्हतं. मुलगी भात मागत मागत गेली असं आईनं सांगितलं. सरकारी अधिकारी म्हणाले की ती आजारानं गेली. वाद काहीही असो, घरात धान्य येत नव्हतं. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारनं सगळ्या राज्यांना लेखी कळवलं, की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून रेशन नाकारू नका, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवा आणि तशी नोंद ठेवा. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आधारवरचा मोठा निकाल आला. त्या खटल्यातही सरकारच्या वकिलांनी हेच सांगितलं, की ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थीला वंचित ठेवलं जाणार नाही.

तेव्हा 'पुढच्या महिन्यात या' हे उत्तर कोणी दिलं तर ते ऐकून परत फिरू नका. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य हा त्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. त्याच कायद्यात असंही लिहिलंय, की रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव असावं. म्हणजे आजी, ते कार्ड तुमचं आहे.

मग अंगठा आला नाही तर करायचं काय? साधे उपाय आधी. हात साबणानं धुवा, कोरडे करा. बोटं फारच कोरडी, भेगाळलेली असतील तर थोडं खोबरेल चोळून मग कपड्यानं पुसून टाका, तेलकट बोट काचेवर ठेवू नका. मशीनची काच पुसायला सांगा. सकाळपासून पन्नास जणांची बोटं लागून ती काच मळलेली असते. बोट जोरात दाबू नका. दाबलं की रेषा पसरतात आणि ठसा आणखी बिघडतो. अंगठ्याचाच हट्ट नको. आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यामुळे दुसरं बोट लावून बघा. डाव्या हाताची बोटं बहुतेक वेळा कमी झिजलेली असतात.

तरीही जमलं नाही, तर रेशन कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो. सून लावू शकते, नातू लावू शकतो. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर त्यावर येणाऱ्या ओटीपीची सोय आहे का ते विचारा, डोळ्याचं मशीन आहे का ते विचारा. आणि वारंवार अडचण येत असेल तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्यानं द्या. घरात लेकरं असतील तर हेही ध्यानात ठेवा, की वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी मुलांचे ठसे नव्यानं द्यावेच लागतात, कारण बोटं वाढतात.

सगळं करूनही धान्य नाकारलं तर दुकानात विचारा, 'लिहून देता का, की ठसा न जुळल्यामुळे धान्य दिलं नाही?' पुष्कळदा एवढ्या प्रश्नानंच मार्ग निघतो. नाही निघाला तर रेशनच्या तक्रारीसाठी १९६७ हा नंबर आहे, तहसील कार्यालयात पुरवठा विभाग आहे, आणि गावात दक्षता समिती असते. तुमच्या गावच्या समितीत कोण आहेत ते माहीत आहे का? नसेल तर ग्रामसभेत विचारा.

आता तिसरं मत: 'अंगठा दिला की झालं काम. आपल्याला काय कळतंय त्यातलं?'

हे मत मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण यात पैसा जातो.

आता गावोगाव बँक मित्र आहेत, बचत गटातून तयार झालेल्या बीसी सखी आहेत. खात्याला आधार जोडलेलं असलं की त्यांच्याकडच्या मशीनवर अंगठा लावून पैसे मिळतात. तालुक्याला जायचं एसटीचं भाडं वाचतं, दिवसाची मजुरी वाचते. म्हाताऱ्या माणसांची मोठी सोय झाली आहे आणि आपल्याच भगिनी हे काम इमानदारीनं करताहेत. त्यांचं कौतुकच आहे.

पण हे समजून घ्या. कागदावरचा अंगठा आणि मशीनवरचा अंगठा यात फरक आहे. कागद तुमच्यासमोर असतो, त्यावर काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घेता येतं. मशीनवर मात्र खात्यात किती आहेत ते बघायलाही तोच अंगठा आणि पैसे काढायलाही तोच अंगठा. बोट ठेवणाऱ्याला दोन्हीत काही फरक जाणवत नाही. 'काकू, बॅलन्स बघतो' असं म्हणून कोणी पैसे काढले, किंवा 'अंगठा आला नाही, परत लावा' म्हणून दुसऱ्यांदा पैसे काढले, तर तिथल्या तिथे कळणार नाही. अशा फसवणुकीच्या तक्रारी देशभर झाल्या आहेत. एटीएमचा पिन आपण कोणाला सांगत नाही. मग बोट तर पिनपेक्षाही जपायला हवं. पिन चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

म्हणून चार सवयी लावून घ्या. एक, बोट ठेवण्याआधी विचारायचं, 'कशासाठी? किती रकमेसाठी?' आणि स्क्रीनवरचा आकडा बघायचा. अक्षरं येत नसली तरी आकडे आपल्याला येतात, बाजारात रोजचा हिशेब आपणच करतो. दोन, 'फेल झालं' असं सांगितलं तरी त्याची पावती मागायची. तीन, बँकेत आपला नाहीतर घरातल्या विश्वासाच्या माणसाचा मोबाईल नंबर नोंदवायचा, म्हणजे पैसे निघाले की मेसेज येतो. चार, महिन्यातून एकदा पासबुक भरून आणायचं आणि गटाच्या बैठकीत ते वाचायचं.

खात्यातून पैसे कापले गेले पण हातात आले नाहीत, असंही होतं. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. असे पैसे पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. बँकेत गेल्यावर हा नियम माहीत असल्याचं बोलण्यातून कळू द्या. फसवणूक झाली असेल तर लगेच बँकेला सांगा आणि १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे मिळणं अवघड. आधारबद्दल काही विचारायचं असेल तर १९४७ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं तेच साल, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपा.

आणखी एक सोय आहे. आधारचे ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात. कुलूप लावलं की तुमचा अंगठा कुठेच चालत नाही, आणि काम असेल तेव्हा मोबाईलवरून ते तेवढ्यापुरतं उघडता येतं. पण त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला असावा लागतो, आणि रेशनच्या दिवशी कुलूप काढायची आठवण ठेवावी लागते. हाताशी मोबाईल असलेल्या सुनेनं किंवा लेकीनं हे शिकून घेतलं तर अख्ख्या घराला उपयोग होईल.

मैत्रिणींनो, या सगळ्यात माझं स्वतःचं मत काय, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, मशीनवर माझा राग नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा जातं सुटलं, आणि पहाटे उठून दळणाऱ्या बाईला दोन तास झोप जास्त मिळाली. नवीन वस्तू आली म्हणून तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण गिरणी बंद पडली तर आपण उपाशी राहत नाही, दुसऱ्या गिरणीत जातो. अंगठ्याच्या मशीनचंही तसंच असायला हवं. ते चाललं तर उत्तम. नाही चाललं तर दुसरी वाट दाखवणं हे ज्यानं मशीन ठेवलंय त्याचं काम आहे. 'मी मीच आहे' हे सिद्ध करण्याचं सगळं ओझं सत्तर वर्षांच्या बाईवर टाकून चालणार नाही. त्या बाईला सगळं गाव ओळखतं. दुकानदारही तिला आजी म्हणूनच हाक मारतो, आणि त्याच तोंडानं सांगतो की तुमची ओळख पटत नाही.

म्हणून या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं जास्त बसा. गावात कोणाकोणाचा अंगठा येत नाही याची यादी करा. विधवा, एकट्या राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या बाया आधी बघा, कारण त्यांच्या कार्डावर अंगठा लावायला दुसरं कोणी नसतं. त्यांच्यापैकी किती जणींना गेल्या तीन महिन्यांत धान्य मिळालं नाही तेही लिहा. यादीवर गटाच्या अध्यक्ष आणि सचिवांनी सह्या करा, एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक तहसीलला द्या, आणि पोहोच घ्यायला विसरू नका. एकट्या आजी गेल्या तर त्यांना 'पुढच्या महिन्यात या' म्हणता येतं. वीस जणींच्या सह्यांचा कागद असा परत पाठवता येत नाही. ज्या सह्या आपण कंदिलाच्या उजेडात शिकलो, त्या अशाच कामासाठी आहेत.

यादीत किती नावं निघाली आणि पुढे काय झालं, ते आम्हाला कळवा.